स्कार्फ धुवायचा नव्हता

जरा एक गंमत करून बघ. हातातलं पुस्तक मिटू नकोस, पानात फक्त एक बोट घाल आणि डोळे मिट. आता तुझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीच्या घरात शिर. दार उघडल्या उघडल्या कसला वास येतो? येतो ना काहीतरी? प्रत्येक घराला असतो. कुणाकडे औषधांचा, कुणाकडे जुन्या पुस्तकांचा, कुणाकडे ओल्या कुत्र्याचा. बरं, आता तुझ्या स्वतःच्या घरात शिर आणि सांग, तिथे कसला वास येतो? नाही सांगता येणार. कितीही नाक फेंदारलंस तरी नाही. आपल्या घराचा वास सगळ्या जगाला येतो, फक्त आपल्याला येत नाही. आता अजून एक समज. समज, तू पाच वर्षांची एक मुलगी आहेस. खूप लांबच्या देशात, एका मोठ्या घरात राहतेस, जिथे तुझ्यासारखी पुष्कळ मुलं आहेत आणि आईबाप कुणालाच नाहीत. एके दिवशी तुला सांभाळणारी बाई तुझ्या हातात एक निळा स्कार्फ ठेवते आणि म्हणते, हा घे, तुझ्या आईनं पाठवलाय. ती आई तू कधी पाहिलेली नाहीस. फोटोत पाहिली आहेस, पण फोटोला काय, वास नसतो. मग त्या स्कार्फचं तू सगळ्यात आधी काय करशील? बरोबर. नाकाला लावशील.

आणि समज, त्या स्कार्फला आईचा वासच नसला तर?

हा प्रश्न स्कार्फ पाठवणाऱ्या त्या आईच्या मनात शिरला तो अगदी साध्या सकाळी, लाँड्रीच्या मागच्या टेबलाशी, हातात इस्त्री असताना. तिचा नवरा पुढे काउंटरवर होता. त्याच्यासमोर वकीलसाहेब, लाँड्रीचं जुनं गिऱ्हाईक, कोटाच्या बाहीवरचा डाग दाखवत कपाळाला आठ्या घालून उभे होते. "निघेल का हो हा?" ते म्हणाले. "निघेल म्हणजे काय साहेब," नवरा म्हणाला, "मागच्या महिन्यात घरातल्या एका स्कार्फवरचा चहाचा डाग काढला. असा काढला, की आपण कधी सांडलो होतो हे चहालासुद्धा आठवायचं नाही." वकीलसाहेब खो खो हसले आणि कोट ठेवून गेले. तिनं मागूनच विचारलं, "कुठला स्कार्फ?" "अगं, तोच की. निळा. मोठ्या गिऱ्हाइकाला पाठवला तो." आणि तो पावत्या लावायला लागला, जणू आकाश निळं आहे असं काहीतरी त्यानं सांगितलं होतं. तिचा हात थांबला नाही. त्या हाताला थांबायला कुणी शिकवलंच नव्हतं. शर्टाची कॉलर झाली, खांदा झाला, बाही झाली, आणि शर्ट घडी होऊन ढिगावर गेला तेव्हा तिला कळलं, की आपण श्वास धरून ठेवलाय.

मोठं गिऱ्हाईक म्हणजे ती मुलगी. तिचं नाव दोघांनाही ठाऊक होतं, पण ते उच्चारायला जीभ धजावत नव्हती. नाव मोठ्यानं घेतलं की ती आपली झाल्यासारखं वाटायचं, आणि कागदोपत्री ती अजून आपली नव्हती. म्हणून नवऱ्यानं हे काढलं होतं. "आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अजून यायचंय, तोवर कपाट रिकामं ठेव," असं तो म्हणायचा. फोटो आला, की "गिऱ्हाइकाचा दात पडला बघ." तिला ते आवडायचं. त्या नावात मुलगी चालत दुकानात येईल आणि काउंटरवर हात ठेवून उभी राहील असं काहीतरी होतं. काउंटर तिच्या कपाळाएवढा असेल. नंतर हनुवटीएवढा. वाट बघता बघता तिच्या मनातल्या मनातच मुलगी काउंटरपुढे उंच होत चालली होती.

दत्तक संस्थेच्या समुपदेशक बाई वरच्या खोलीत येऊन बसल्या होत्या तो दिवस तिला आता शब्दन् शब्द आठवला. खाली दुकान, वर घर, आणि जिना दुकानाच्या आतूनच. बाई जिना चढून आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या अंगावरचं एखादं कापड तिच्यासाठी पाठवायचं. रोज वापरा, उशाशी घेऊन झोपा, आणि तसंच द्या. न धुता. लाँड्रीवाल्यांना मुद्दाम सांगतेय हं." तिघंही हसले होते. तोही हसला होता, चांगला मांडीवर थाप मारून. मग तिनं तो स्कार्फ कितीतरी आठवडे गळ्यात घातला, झोपताना उशीवर पसरला. एकदा तर तापात घामानं भिजलेला तसाच वाळवला, आणि वाळवताना तिला लाज वाटली आणि आनंदही झाला, की हे सगळं आता त्यात आहे. पोस्टात टाकायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं पाकिटात घालताना डाग पाहिला असणार. मग पुढचं त्याच्या हातांनीच केलं असणार. चिमूटभर सोडा, कोमट पाणी, साबण, पातळ खळ, वाफेची इस्त्री, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी. ज्या हातांनी एवढी वर्षं दुसरं काही केलेलं नाही, त्यांना मध्येच कोण हाक मारणार?

"तुम्हाला आठवलं नाही का, बाई काय म्हणाल्या होत्या ते?" तिनं दुपारी विचारलं. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला, खळ निघून गेलेल्या कापडासारखा. "अगं," तो म्हणाला, "डाग होता गं त्यावर. मुलीला पहिल्यांदा काहीतरी पाठवायचं आणि तेही डागाळलेलं? लाँड्रीवाल्याच्या घरून?" तिला भांडता आलं असतं. भांडण तोंडात तयारच होतं. पण त्याच्या त्या "लाँड्रीवाल्याच्या घरून" या शब्दांत त्याचे वडील होते, ज्यांनी हे दुकान टाकलं होतं. दुसऱ्याच्या घरी जाताना आपली कॉलर आधी बघणारं त्यांचं सगळं आयुष्य त्यात होतं. ती एवढंच म्हणाली, "जेवायला चला."

पण ते तिथे संपलं नाही. ते आत कुठेतरी शिरून बसलं, आणि जिथे शिरलं तिथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. ती लहान होती, दुसरी-तिसरीत असेल, तेव्हा तिच्या आईला छातीच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि तिथे मुलांना नेत नसत. तिनं आईचा तपकिरी स्वेटर कपाटातून काढून उशीखाली ठेवला होता. झोपताना त्याची एक बाही नाकाशी धरायची, दुसरी तशीच जपून ठेवायची, वास संपू नये म्हणून. तिला वाटायचं, वास म्हणजे बाटलीतल्या सरबतासारखा, जपून पुरवावा लागतो. मग घर सांभाळायला मावशी आली. मावशी मायाळू होती, सतत गुणगुणणारी, आणि तिच्या हातांना कायम डोकेदुखीच्या मलमाचा वास. एका सकाळी स्वेटर दोरीवर वाळत होता. "बघ, कसा लख्ख निघाला!" मावशी म्हणाली. "किती मळवला होतास गं, गधडे." ती उन्हात उभी राहून बाहीतून टपकणारं पाणी बघत राहिली, आणि त्या रात्रीपासून मावशीच्या कुशीत झोपायला लागली. म्हणूनच आई दवाखान्यातून परत आली त्या दिवशी जे झालं ते झालं. आई दारात उभी राहिली, बारीक झालेली, अंगाला दवाखान्याच्या फिनाईलचा वास, आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. मुलगी मावशीच्या मागे लपली. आईचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले आणि मग ते तिनं केसांकडे नेले, जणू केस सारखे करायलाच वर गेले होते. पुढे आई कितीतरी वर्षं जगली, पण त्या दिवसाचा विषय तिनं कधी काढला नाही. ते केसांकडे गेलेले हात मात्र मुलीच्या डोळ्यांपुढून कधी हलले नाहीत. इस्त्री करता करता ते दिसायचे, वाफेतून.

दुसऱ्या दिवशी तिनं समुपदेशक बाईंना फोन लावला. "दुसरा पाठवू का हो? नवा नाही, वापरलेला. मी आजपासूनच घालते." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "नको," बाई म्हणाल्या. "एकच वस्तू. सारखं बदललं की लेकरं गोंधळतात. आणि ऐका तरी, चांगली बातमी आहे. ती तुमचा स्कार्फ घेऊन झोपते म्हणे. तिथल्या बाईंनी कळवलंय, कुणाला हात लावू देत नाही." तिनं आनंद झाल्यासारखं उत्तर दिलं आणि फोन ठेवला. मग ती साबणाच्या पोत्यांशेजारी स्टुलावर बसली. म्हणजे माझ्याऐवजी ती ह्या साबणाच्या वासाला बिलगून झोपते, तिच्या मनात आलं, आणि तिला पावडरीच्या पोत्याचा चक्क मत्सर वाटला. मग स्वतःचंच हसू आलं. हसू गेलं तरी मत्सर गेला नाही.

वाट बघणं म्हणजे काय असतं हे तिला आधी ठाऊकच नव्हतं. तिला वाटलं होतं, स्टेशनवर बसतो तसं बसायचं असतं. पण हे बसणं नव्हतंच. डॉक्टरांचे दाखले काढले, आणि तिकडचं काम लांबलं म्हणून ते जुने झाले, पुन्हा काढले. समुपदेशक बाई येऊन विचारून गेल्या, तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता, लहानपणी तुम्हाला कोण जवळ घ्यायचं, तुमचं दोघांचं कशावरून वाजतं. नवऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "पंख्यावरून. हिला पंखा हवा असतो, मला नको असतो." बाईंनी तेही गंभीरपणे लिहून घेतलं. तिकडे नवे नियम आले आणि सगळीच कामं काही महिने थांबली. मग सुरू झाली तर न्यायाधीश रजेवर. दर काही दिवसांनी फोटो यायचा आणि फोटोतली मुलगी त्यांच्यासाठी थांबलेली नसायची. ती आपली वाढत होती. घेऊन ठेवलेले बूट लहान झाले, ते शेजारच्यांच्या नातीला दिले, दुसरे आणले, तेही कपाटात लहान होत गेले. त्यांच्यासारखंच वाट बघणारं एक जोडपं होतं, बाईंच्या कार्यालयात ओळख झालेलं. त्यांचा मुलगा ठरला होता, खोली रंगवून झाली होती, आणि तिकडे त्या मुलाचा सख्खा मामा सापडला. "आनंदच आहे हो," त्या मुलाची होऊ घातलेली आई फोनवर म्हणाली. "रक्ताचं माणूस मिळालं त्याला. आनंदच व्हायला हवा ना?" त्या दिवसापासून ही प्रत्येक फोनला घाबरायला लागली. कुठल्याही घंटेत मामा असू शकत होता. आणि आपण मनातल्या मनात, त्या मुलीचा कुणी मामा नसू दे, असं म्हणतो हे एकदा लक्षात आल्यावर ती स्वतःलाच घाबरली.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक दांडी होती. तिच्यावर न नेलेले कपडे लटकायचे. लोक कपडे टाकतात आणि विसरतात, गाव सोडून जातात, कधी कधी जगच सोडून जातात. सासरे ते कधी फेकू देत नसत. वर्षातून एकदा सगळे खाली काढून पुन्हा इस्त्री करून टांगायचे, आणि नवऱ्यानं ती रीत चालू ठेवली होती. "माणूस येतो गं," तो म्हणायचा. "यायला वेळ लागतो." आधी तिला ती दांडी दिसायचीही नाही. आता सारखी दिसू लागली. तो लहानसा पिवळा कोट, ज्याचं मूल आता मोठा बाप्या झालं असेल. मुलीबद्दल असा विचार आला रे आला, की ती तो झटकायची, आपल्याच गालावर मारल्यासारखी. मूल म्हणजे काय न नेलेला कपडा आहे? कुणी टाकून गेलं असेल असं तरी कशावरून? कदाचित मेली असेल आई. कदाचित दवाखान्यात असेल, मुलांना नेत नाहीत अशा दवाखान्यात. आणि कदाचित तिलाही स्वतःचा काही वास असेल, जो त्या मुलीच्या नाकात कुठेतरी अजून शिल्लक आहे, आणि आपण त्याच्यावर आपला स्कार्फ पसरायला निघालोय. या विचारापाशी ती नेहमी थांबायची. यापुढे रस्ता नव्हता. यापुढे नुसती वाफ.

थोरल्या बहिणीचा फोन दर रविवारी. "काय गं, तुमचं ते विमान अजून उडालंच नाही का?" "नाही ताई." "इतक्या लांबून आणायची म्हणजे! जवळपास कुणी मिळालं नाही का गं?" "इथल्या यादीत आमचं वय पुढे गेलं ताई, किती वेळा सांगू? आणि तिकडे पाच वर्षांच्या मुलांना कुणी विचारत नाही. सगळ्यांना तान्हं हवं असतं." "अगं, चिडतेस कशाला. मी आपलं काळजीनं विचारते." मग ताई भेटायला यायची, फळं आणायची, लहान लहान मोजे आणायची आणि जाताना मिठी मारून म्हणायची, "तुझ्या केसांनासुद्धा इस्त्रीचा वास येतो बाई. जरा नीट राहत जा. उद्या पोर यायची, तिला वाटेल आई आहे की धोबीघाट." ताईची जीभच तशी. पण ते वाक्य चिकटून राहिलं. म्हणून बोलावणं आलं, खरंच आलं, तेव्हा तिनं सगळ्यात आधी नव्या सुवासिक साबणाची वडी घेतली, नवे कपडे घेतले, ताईनं दिलेली अत्तराची बाटली घेतली. आपण पहिल्यांदा दिसणार ते असे दिसायला नकोत.

विमानात नवरा शब्द घोकत होता. मुलीच्या भाषेतले दहा शब्द दोघांनी इस्त्री करता करता पाठ केले होते. पाणी, झोप, दुखतंय का, घाबरू नकोस, आम्ही आहोत. त्याचे उच्चार इतके भयंकर होते, की पलीकडच्या सीटवरच्या प्रवाशानं न राहवून ते सुधारून दिले. "असू दे," तो तिला म्हणाला, "निदान हसेल तरी." त्याचा हात थंड पडला होता. तिनं तो धरला. स्कार्फचं त्या दोघांत पुन्हा बोलणं झालं नव्हतं, पण तो हात धरताना तिला कळलं, की तोही इतके महिने मनातल्या मनात त्याच स्कार्फशी जाऊन बसत होता.

ती खोली कुठल्याही शाळेतल्या खोलीसारखी होती. लहान खुर्च्या, रंग उडालेला चेंडू, खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवलेले कप. सांभाळणाऱ्या बाईनं मुलीला हात धरून आणलं. मुलीच्या गळ्यात निळा स्कार्फ होता. निळा म्हणायचं इतकंच. तो मळून करडा झाला होता, एक टोक चघळून चघळून कडक झालेलं. दुभाष्यानं हळूच सांगितलं, "धुवू देत नाही म्हणे. काढूही देत नाही. दोनदा धुवायला घेतला तर उपाशी बसली." आईनं हे ऐकलं. इतके महिने. म्हणजे तो डागसुद्धा नव्हता, तापातला घामही नव्हता, काही नव्हतं, आणि त्या नसण्यालाच ती धरून बसली होती. ती गुडघ्यांवर बसली, हात पुढे केले आणि पाठ केलेला शब्द उच्चारला. ये. मुलगी आली. खरंच आली, पावलं मोजून टाकावीत तशी, आणि अगदी जवळ येऊन तिनं नाक पुढे केलं. नव्या कपड्याच्या बाहीला लावलं. मनगटाला लावलं, जिथे अत्तर होतं. मग तिनं मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दुकानात दुसऱ्याचेच कपडे हातात मिळालेलं माणूस पाहतं तसं, आणि वळून कोपऱ्यात जाऊन बसली. त्यांच्याकडे पाठ करून. आईचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिला दिसलं, की ते आपोआप केसांकडे चाललेत.

पुढचे दिवस ती पाठच त्यांना दिसत राहिली. लहान, ताठ, मधोमध पन्हाळ असलेली. समुपदेशक बाईंनी हे सगळं सांगून ठेवलं होतं. येणार नाही, रडेल, एकालाच जवळ करेल, कुणालाच करणार नाही, मनाला लावून घेऊ नका. ऐकताना ते सोपं वाटलं होतं. नवरा चेंडू घरंगळत सोडायचा, तो पाठीला लागून परत यायचा. "परत तर करते ना," तो म्हणायचा. तो आपले दहा शब्द वापरायचा आणि एकदा पाठ हलली, हसल्यासारखी, पण खात्री देता आली नाही. ती मात्र रोज संध्याकाळी हॉटेलच्या न्हाणीघरात त्याच सुवासिक साबणानं अंग घासताना मावशीच्या दोरीवरचा स्वेटर बघत राहायची. निघायच्या दिवशी सांभाळणाऱ्या बाईनं मुलीला इतकं घट्ट धरलं, की आईनं तोंड फिरवलं. ते आपलं बघायचं नव्हतं. परतीच्या प्रवासात मुलगी रडली नाही. दोघांच्या मध्ये बसून पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली, स्कार्फचं कडक टोक तोंडात.

घरी पोचले तेव्हा दुकान चालू होतं. दुकानात कामाला असलेल्या बॉयलरवाल्या काकांनी इतके दिवस एकट्यानं रेटलं होतं. वर जायचं तर दुकानातूनच, पण मुलगी उंबऱ्याशी थांबली ती थांबलीच. नवरा सामान घेऊन आत गेला, बाहेर आला, त्याचे शब्द म्हणाला, पुन्हा आत गेला. वर पिवळ्या पडद्याची खोली तयार होती, खाट, बाहुली, तिसऱ्या वेळी आणलेले बूट. मुलगी पाठ करून रस्त्याकडे बघत उभी. आतमध्ये काकांनी प्रेसचं झाकण वर केलं आणि वाफेचा एक मोठा लोट फुसकन सुटला, पुढे आला, काउंटरवरून वाहत उंबऱ्यापर्यंत आला. मुलीचं नाक वर गेलं. मान वळली. मग ती आत शिरली, माणसांमधून, कुणाकडे न बघता, काउंटरच्या फळीखालून वाकून, थेट मागच्या टेबलापाशी. तिथे ताज्या, गरम शर्टांचा ढीग होता. "अगं, भाजेल!" आई ओरडली आणि धावली. धावता धावता सवयीनं दारामागचा एप्रन ओढून अंगावर घातला, ढीग मागे सारला, इस्त्री उचलून वर ठेवली. मुलीनं ढिगात तोंड खुपसलं होतं. कितीतरी वेळ. मग ते बाहेर काढून तिनं शेजारच्या एप्रनला नाक लावलं. मग त्या बाईच्या मनगटाला, जिथे आता अत्तराच्या जागी वाफेचं पाणी होतं. मग पुन्हा ढिगाला, पुन्हा मनगटाला. काका प्रेसचं झाकण तसंच वर धरून उभे होते.

मुलीनं मानेवर हात नेला. गाठ तिला सुटेना, तरी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःच ओढून ओढून सोडवली आणि तो करडा स्कार्फ टेबलावर, इस्त्रीसमोर ठेवला. मग वर बघितलं. नवऱ्याचा हात आपसूक पुढे गेला. बायकोनं तो मनगटाशी धरला. "थांबा." "अगं, तिनंच दिलाय. बघ ना किती मळलाय." "म्हणूनच." तिला स्वतःला पुढचं माहीत नव्हतं. त्या कापडात आता ती दुसरी खोली होती, खिडकीवरचे कप होते, त्या सांभाळणाऱ्या बाईचे हात होते, आणखी कोण कोण होतं देव जाणे. धुतला तर मावशीच्या दोरीवर जाणार. नाही धुतला तर हे पोर जे मागतंय ते दिलं नाही असं होणार. दहाही शब्द तोंडातून पळून गेले होते. ती नुसती उभी राहिली, नवऱ्याचं मनगट हातात धरून, आणि तिचं नाक, इतक्या वर्षांत या दुकानात पहिल्यांदा, काहीतरी शोधत होतं. वाफ, साबण, खळ, गरम सूत. असा असतो होय आपल्या घराचा वास, ती मनात म्हणाली.

मुलगी आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिली, मोठ्या माणसांना साधी गोष्ट कळत नाही तेव्हा मुलं बघतात तशी. मग तिनं स्कार्फ परत घेतला. त्याची वेडीवाकडी घडी केली. टाचा उंचावून ढिगातले वरचे दोन शर्ट उचलले, घडी त्यांच्या मध्ये सरकवली, शर्ट पुन्हा वर ठेवले आणि दोन्ही तळव्यांनी दाबून बघितलं, ऊब आणि वास आत जातोय ना. साबणाच्या पोत्यांपाशी एक बुटकं स्टूल होतं. ते तिनं ओढत आणलं, ढिगासमोर मांडलं आणि बसली. सगळ्यांकडे पाठ करून, हात मांडीवर, वाट बघत. काकांनी झाकण हळूच खाली आणलं. पुन्हा वाफ सुटली. मुलगी उठली नाही, वळलीही नाही. बसल्या बसल्याच तिनं स्टूल थोडं मागे सरकवलं. मग आणखी थोडं. मग अजून एकदा, जोरानं, फरशीवर खर्रकन आवाज करत, आणि तिची पाठ मागे उभ्या असलेल्या आईच्या गुडघ्यांना टेकली.